तीन मशाली आणि एक गाव : फैजपूर १९३६ आणि मन वळविण्याची कला

१/
डिसेंबर १९३६. मुंबईच्या गोवालिया टँक परिसरातून एक पेटती ज्योत निघाली. याच परिसरात १८८५ साली काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले होते. हातोहात आणि पायी प्रवास करीत ही ज्योत चारशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या पूर्व खानदेशातील फैजपूर या गावी पोचली. आगगाडीने ती एका रात्रीत आली असती. फैजपुरात काड्यापेटीही मिळत होती. तरीही ती पायीच का आणली गेली? प्रचाराचे मानसशास्त्र समजून घ्यायचे असेल तर याच प्रश्नापासून आरंभ करावा. हा धागा त्याविषयी आहे.

२/
आधी स्थळ पाहू. चोपड्याहून बऱ्हाणपूरच्या दिशेने जाणारा रस्ता यावल ओलांडून फैजपूरला येतो आणि पुढे सावदा, रावेरकडे जातो. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी आणि मधल्या पट्ट्यात कापसाची काळी जमीन. गावाला रेल्वे नाही. जवळचे स्थानक सावदा. अशा ठिकाणी २७ आणि २८ डिसेंबर १९३६ रोजी पंडित जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे ५० वे अधिवेशन भरले. तोवर ही सभा शहरांतच भरत आली होती. खेड्यात भरलेले हे पहिले अधिवेशन. अधिवेशनाच्या जागेला ‘टिळकनगर’ असे नाव देण्यात आले.

३/
आता शब्द. ‘प्रोपगंडा’ हा शब्द चर्चच्या इतिहासातून आला. १६२२ साली पोप पंधरावे ग्रेगरी यांनी धर्मप्रसारासाठी एक मंडळ स्थापन केले आणि त्याच्या लॅटिन नावातून हा शब्द रूढ झाला. मूळ अर्थ ‘पसरवणे’ एवढाच. पहिल्या महायुद्धानंतर त्याला असत्याचा वास येऊ लागला. मराठीतही असाच दुभंग आहे. ‘प्रचार’ हा शब्द निरुपद्रवी. निवडणुकीचा प्रचार, खादीचा प्रचार. पण एखाद्या कादंबरीला ‘प्रचारकी’ म्हटले की ती निंदा ठरते. एकाच धातूतून आलेल्या या दोन शब्दांमधली सीमारेषा नेमकी कोठे आहे?

४/
ती शोधण्यासाठी तीन मशाली शेजारी शेजारी ठेवून पाहू.

पहिली मशाल न्यूयॉर्कची. ३१ मार्च १९२९, ईस्टरचा रविवार. फिफ्थ अॅव्हेन्यूवरील मिरवणुकीत काही तरुणींनी सर्वांदेखत सिगारेटी पेटवल्या. त्या काळी अमेरिकेत स्त्रियांनी रस्त्यावर धूम्रपान करणे अशिष्ट मानले जाई. वृत्तपत्रांत बातमी आली ती स्त्रियांच्या बंडाची. त्या सिगारेटींना नाव मिळाले ‘स्वातंत्र्याच्या मशाली’.

५/
या बंडामागे एडवर्ड बर्नेज नावाचा गृहस्थ होता. मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड याचा तो भाचा. वर्षभरापूर्वीच, १९२८ साली, त्याचे ‘प्रोपगंडा’ नावाचेच पुस्तक प्रसिद्ध झाले होते. त्याला पैसे देणारी होती अमेरिकन टोबॅको कंपनी. सिगारेट चांगली आहे, असे त्याने कोठेही सांगितले नाही. स्त्रियांच्या मनात समानतेची जी खरीखुरी आकांक्षा होती, तिच्या गाठीला त्याने एक वस्तू बांधून दिली. पाहणाऱ्यांना तरुणी दिसल्या. कंपनी दिसली नाही. आधुनिक जाहिरातीचा हा मूलमंत्र आहे: वस्तू विकण्याऐवजी ग्राहकाला त्याची स्वतःचीच हवीहवीशी प्रतिमा विकणे.

६/
दुसरी मशाल बर्लिनची. २० जुलै १९३६ रोजी ग्रीसमधील ऑलिम्पिया येथे आरशाने सूर्यकिरण एकवटून ती पेटविण्यात आली. तीन हजारांहून अधिक धावपटूंनी ती सात देशांतून नेली आणि १ ऑगस्टला ती बर्लिनच्या क्रीडागारात पोचली. ऑलिम्पिकमधील मशालदौड ही प्राचीन परंपरा आहे, असा आजही अनेकांचा समज असतो. वास्तविक ती याच वर्षी, कार्ल डीम या संयोजकाच्या कल्पनेतून सुरू झाली. मशालींचे धातूचे दांडे क्रुप या कारखान्याने पुरविले. हाच कारखाना तोफाही बनवीत असे.

७/
नाझी राजवटीला या दौडीतून काय साधायचे होते? प्राचीन ग्रीसचा खरा वारस आजचा जर्मनी आहे, हे एका शब्दानेही न सांगता पटवायचे होते. युक्तिवाद केला असता तर कोणी प्रतिवाद केला असता. धावणाऱ्या तरुणाच्या हातातील ज्वाळेशी वाद कोण घालणार? ज्यांच्या भूमीवरून ती मशाल गेली त्यांतील ऑस्ट्रिया, चेकोस्लोव्हाकिया, युगोस्लाव्हिया आणि ग्रीस हे देश पुढच्या पाच वर्षांत जर्मन फौजांच्या टाचेखाली आले.

८/
तिसरी मशाल फैजपूरची, त्याच वर्षाच्या अखेरची. तिचेही काम तत्त्वतः हेच होते: दोन दूरच्या बिंदूंना जोडणे. १८८५ ची मुंबई आणि १९३६ चे खेडे. वकील-बॅरिस्टरांची सभा आणि शेतकऱ्याचे शिवार. वाटेतील प्रत्येक गावाला ही ज्योत ‘आपल्या वेशीतून गेली’ असे वाटावे, म्हणून ती पायी आणायची. गडावरून शिवजयंतीची ज्योत धावत आणणाऱ्या आजच्या तरुणांना हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. अग्नीपेक्षा त्याची वाट महत्त्वाची असते.

९/
म्हणजे साधन एकच. मग सिगारेटविक्री, नाझी उत्सव आणि स्वातंत्र्यलढा यांत फरक काय? ‘आपला उद्देश चांगला होता’ हे उत्तर पुरेसे नाही, कारण प्रत्येक प्रचारक आपला उद्देश चांगलाच मानतो. उत्तर शोधायचे तर फैजपुरात माणसांची मने नेमकी कशी वळवली गेली, हे बारकाईने पाहावे लागेल. त्यात अभिमानास्पद गोष्टी आहेत. अडचणीच्याही आहेत.

१०/
पार्श्वभूमी अशी. १९२९ च्या जागतिक मंदीने शेतमालाचे भाव कोसळले होते. शेतसारा आणि सावकाराचे व्याज मात्र तसेच होते. खानदेशात रयतवारी पद्धत होती. म्हणजे येथील शेतकऱ्याचा थेट संबंध जमीनदाराशी कमी आणि सरकारी साऱ्याशी व सावकाराच्या वहीशी अधिक. साऱ्याच्या प्रश्नावर हा भाग पूर्वीही पेटला होता: १८५२ साली जमिनीच्या नव्या मोजणीविरुद्ध सावदा-फैजपूर परिसरातील शेतकऱ्यांनी उठाव केला होता आणि तो मोडण्यासाठी लष्कर आणावे लागले होते.

११/
या शेतकऱ्याच्या मनासाठी दोन बाजूंनी स्पर्धा चालली होती. १९३३ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर फ्रेडरिक साइक्स यांनी ग्रामसुधारणेची योजना सुरू केली. डिसेंबर १९३४ मध्ये गांधीजींनी वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन केला. त्यानंतर काही महिन्यांतच, १९३५ साली, केंद्र सरकारने ग्रामोन्नतीसाठी एक कोटी रुपयांची तरतूद केली. खेड्यात काँग्रेसचा पाय रोवला जाण्याआधी सरकारने तेथे पोचावे, हा त्यातील हेतू त्या काळच्या निरीक्षकांपासून लपला नव्हता. खेडे ही आता प्रचाराची रणभूमी झाली होती.

१२/
फैजपूरने दिलेला पहिला संदेश कोणत्याही भाषणात नव्हता. तो बांबूत होता. टिळकनगराच्या सजावटीसाठी गांधीजींनी शांतिनिकेतनच्या कलाभवनातून नंदलाल बोस यांना पाचारण केले. बांबू, गवत, चटया, मातीची भांडी अशा गावाकडच्याच वस्तूंतून दरवाजे, मंडप आणि प्रदर्शन उभे राहिले. २५ डिसेंबरला गांधीजींनी खादी व ग्रामोद्योगांच्या प्रदर्शनाचे उद्घाटन केले. बैलजोड्यांनी ओढलेल्या सजविलेल्या रथातून अध्यक्षांची मिरवणूक निघाली. मोटारी त्या काळी दुर्मीळ नव्हत्या. तरी बैल निवडले गेले.

१३/
याचे मर्म असे. रिचर्ड पेटी आणि जॉन कॅसिओपो या मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात मांडले की मन वळण्याचे दोन मार्ग असतात. एक विचाराचा: माणूस मुद्दे तोलतो, शंका काढतो, मग ठरवतो. दुसरा आडवाटेचा: कोण बोलतो आहे, भोवताली काय दिसते, इतर काय करीत आहेत, यांवरून मन आपोआप झुकते. नेहरूंचे अध्यक्षीय भाषण पहिल्या मार्गाचे होते. त्यात स्पेनमधील यादवी होती, अॅबिसिनिया होता, फॅसिझमचा धोका होता. बांबूचा दरवाजा दुसऱ्या मार्गाचा होता.

१४/
१९३१ च्या शिरगणतीनुसार भारतात साक्षरांचे प्रमाण शंभरात दहाच्याही आत होते. छापील ठराव वाचणारे थोडे, पाहणारे हजारो. ज्या बांबूने आपला गोठा शाकारला, त्याच बांबूचे देशाच्या सभेसाठी महाद्वार होते, हे पाहणाऱ्याच्या मनात काय घडत असेल? ‘आपले जे आहे ते कमी प्रतीचे नाही’ हे विधान कोणी उच्चारले नाही. डोळ्यांनी ते वाचले. ज्याला आयुष्यभर ‘गावंढळ’ म्हणून हिणवले गेले, त्याला सन्मान देऊन आपलेसे करणे, हे मन वळविण्याचे सर्वांत प्रभावी साधन आहे. बर्नेजलाही हे ठाऊक होते.

१५/
दुसरे तत्त्व विश्वासार्हतेचे. येल विद्यापीठात कार्ल हॉवलंड आणि वॉल्टर वाइस यांनी १९५१ साली दाखवून दिले की तोच मजकूर विश्वासू माणसाच्या नावे दिला तर ऐकणाऱ्याचे मत अधिक बदलते. खानदेशातील माणसांना यासाठी प्रयोगशाळेची आवश्यकता नव्हती. त्यांच्यापुढे पांडुरंग सदाशिव साने होते.

१६/
साने गुरुजी मूळचे कोकणातील पालगडचे. १९२४ पासून ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तेथील छात्रालय सांभाळीत. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले आणि धुळे, नाशिकचे तुरुंग त्यांनी पाहिले. फैजपूरसाठी ते गावोगाव फिरले. अधिवेशनाच्या वेळी त्यांनी मैला वाहण्याचे आणि ग्रामसफाईचे काम केले. ज्या कामाला जातीने विटाळ चिकटवला होता ते काम एक सुशिक्षित ब्राह्मण शिक्षक उघडपणे करतो, या दृश्यापुढे स्वच्छतेवरील शंभर व्याख्याने फिकी पडतात.

१७/
याचे कारण असे की ऐकणारा नकळत एक हिशेब मांडत असतो: ‘हे सांगून या माणसाला काय मिळणार?’ उत्तर ‘लाभ’ असे आले की मनाचे दार अर्धे मिटते. उत्तर ‘कष्ट, तुरुंग, घाण’ असे आले की ते उघडते. मराठी मनात तर हा निकष फार जुना आहे. बोलण्यासारखे वागणाऱ्याचीच पावले वंदावीत, हा संस्कार कीर्तनातून आणि वारीतून घराघरांत पोचलेला होता. गुरुजींचा प्रचार त्या तयार जमिनीत पडला.

१८/
तिसरे तत्त्व मधल्या माणसाचे. पॉल लॅझर्सफेल्ड यांनी १९४० च्या अमेरिकन निवडणुकीच्या वेळी ओहायोतील एका परगण्याचा अभ्यास केला. रेडिओ आणि वृत्तपत्रे मतदाराचे मन थेट बदलत असतील, ही त्यांची अपेक्षा होती. दिसले ते निराळेच: बहुतेकांवर प्रभाव पडत होता तो ओळखीच्या, थोड्या अधिक जाणत्या माणसाचा. संदेश आधी त्याच्याकडे जातो आणि मग इतरांकडे झिरपतो.

१९/
चोपडा, यावल, रावेरच्या परिसरात हा मधला माणूस कोण होता? आठवडे बाजारात भेटणारा पाहुणा, पारावर वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवणारा शिक्षक, कीर्तनकार, खिरोद्याच्या धनाजी नाना चौधरींसारखा गावात वजन असलेला कार्यकर्ता. पुस्तकी मराठीतील ठराव त्याच्या तोंडून अहिराणीत किंवा लेवा गणबोलीत उतरत असे. भाषा घरची झाली की विचारही परका राहत नाही. प्रचारयंत्रणेचा खरा कणा मंडपात नसतो. तो पारावर असतो.

२०/
चौथे तत्त्व लहान पावलाचे. जोनाथन फ्रीडमन आणि स्कॉट फ्रेझर यांनी १९६६ मध्ये प्रयोगाने सिद्ध केले की एखादी क्षुल्लक विनंती मान्य करणारा माणूस पुढे मोठी विनंतीही मान्य करण्याची शक्यता वाढते. काँग्रेसने हे १९२० च्या नागपूर अधिवेशनापासूनच अमलात आणले होते: चार आणे द्या आणि सभासद व्हा. चवन्नी देणाऱ्याच्या मनात स्वतःविषयीची एक नवी ओळख रुजते. आधी चार आणे, मग खादीची टोपी, मग सभा, मग सत्याग्रह. आजचे व्यापारी ‘पहिला महिना मोफत’ म्हणतात तेव्हा तेही याच पायरीवर ग्राहकाला चढवीत असतात.

२१/
पाचवे तत्त्व संख्येचे. अधिवेशनाच्या निमित्ताने पाचशेहून अधिक किसानांची पदयात्रा मनमाडहून निघाली आणि वाटेतील गावांना किसान सभेचे म्हणणे समजावीत फैजपूरला पोचली. तेथे नेहरू, शंकरराव देव, आचार्य नरेंद्र देव, मानवेंद्रनाथ रॉय, श्रीपाद अमृत डांगे अशा नेत्यांनी तिचे स्वागत केले. प्रा. एन. जी. रंगा यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय किसान सभेचे अधिवेशनही येथेच झाले. एकटा शेतकरी सावकारापुढे मान खाली घालतो. आपल्यासारखे पाचशे जण रस्त्याने चालताना पाहिले की त्याला मान वर करता येते.

२२/
येथपर्यंतचे चित्र उजळ आहे. आता सावलीकडे वळू. फैजपूरला जो शेतीविषयक कार्यक्रम मंजूर झाला, त्यात सारा व खंड कमी करणे, न परवडणाऱ्या लहान जमिनींना सूट, कर्जनिवारण, वेठबिगारीचे उच्चाटन, शेतमजुरांना जगण्यापुरती मजुरी आणि शेतकरी संघटनांना मान्यता या मागण्या होत्या. जमीनदारी नष्ट करण्याची मागणी मात्र त्यात नव्हती. समाजवादी गटाला ही त्रुटी खुपली. प्रचाराचे हेही एक तंत्र आहे: ‘शेतकरी’ हा शब्द इतका रुंद ठेवायचा की शंभर एकरांचा धनी आणि त्याच्या शेतावरचा सालदार दोघेही त्यात मावावेत.

२३/
शिवाय एक गोष्ट विसरता येत नाही. १९३५ च्या कायद्याने मताधिकार मिळाला तो जेमतेम तीन-साडेतीन कोटी लोकांना, आणि त्यासाठी मालमत्ता, सारा किंवा शिक्षण यांची अट होती. टिळकनगरात ज्योत पाहून भारावलेल्या अनेकांना मतच नव्हते. भूमिहीन मजुराच्या टाळ्या हव्या होत्या; मत मात्र सारा भरणाऱ्याचे मोजले जाणार होते. कार्यक्रमात कोणता मुद्दा ठसठशीत आणि कोणता मोघम, याचा उलगडा या गणितातूनही होतो.

२४/
आणि जे या प्रतिमेने भुलले नाहीत त्यांचे काय? खानदेशाला लागूनच असलेल्या नाशिक जिल्ह्यात, येवल्याला, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली होती. ऑगस्ट १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. बांबूच्या सुंदर द्वाराआड जे खेडे होते त्यात वेशीबाहेरची वस्ती आणि वेगळा पाणवठाही होता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत आंबेडकरांनी खेड्याच्या या गौरवीकरणावर कठोर प्रहार केला. प्रतिमा जितकी मोहक, तितके तिच्या चौकटीबाहेर काय राहिले हे विचारणे अगत्याचे, हा धडा त्यांनी दिला.

२५/
फैजपूरनंतर काही आठवड्यांतच, १९३७ च्या आरंभी, निवडणुका झाल्या. मुंबई प्रांतात काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष ठरली. स्वतंत्र मजूर पक्षानेही डझनाहून अधिक जागा जिंकल्या. जुलै १९३७ मध्ये बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ सत्तेवर आले. आता प्रचाराची खरी परीक्षा होती, कारण वचन देणारा आणि वचन पाळण्याचा अधिकार असणारा एकच झाला होता.

२६/
निकाल संमिश्र आहे. चळवळीत जप्त झालेल्या जमिनी मूळ मालकांना परत देण्यासाठी १९३८ मध्ये कायदा झाला. १९३९ मध्ये कर्जनिवारणाचा आणि कूळकायदा असे दोन कायदे झाले. पण त्यांची व्याप्ती मर्यादित होती. कोकणातील खोती नष्ट करण्यासाठी आंबेडकरांनी सप्टेंबर १९३७ मध्ये विधेयक मांडले. ते मंजूर झाले नाही. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकरी त्यासाठी मुंबईत विधिमंडळावर चालून गेले. नोव्हेंबर १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि बरेचसे अपुरे राहिले.

२७/
परंतु या कथेतील सर्वांत मोलाचा प्रसंग १९३८ चा आहे. त्या वर्षी पूर्व खानदेशात ओला दुष्काळ पडला. सारामाफीसाठी साने गुरुजींनी ठिकठिकाणी सभा घेतल्या, मिरवणुका काढल्या आणि कलेक्टर कचेरीवर मोर्चे नेले. सरकार कोणाचे होते? काँग्रेसचे. त्याच वर्षी अमळनेरहून त्यांनी सुरू केलेल्या साप्ताहिकाचे नाव काय होते? ‘काँग्रेस’. ज्या पक्षासाठी दोन वर्षांपूर्वी गावोगाव फिरले, त्याच्याच सरकारच्या दारी ते शेतकऱ्यांना घेऊन उभे राहिले.

२८/
येथे तीन मशालींमधला फरक स्पष्ट होतो. न्यूयॉर्कच्या मशालीमागचा हात लपलेला होता. बर्लिनच्या मशालीमागचा हात दिसत होता. पण त्याला प्रश्न विचारणारा तुरुंगात जात होता. फैजपूरच्या मशालीमागचा हात उघड होता, त्याच मंडपात त्याच्याशी वाद घालणारे होते आणि ज्यांची मने वळवली ती माणसे पुढे हिशेब मागायला येऊ शकत होती. वळवलेल्या मनाला पुन्हा वळण्याची मोकळीक उरते की नाही, येथे प्रचार आणि फसवणूक यांची सीमारेषा आहे.

२९/
यातून चार कसोट्या हाती लागतात. बोलणारा कोण आणि त्याला पैसा कोणाचा, हे दिसते का? उलट प्रश्न विचारण्यास वाव आहे का? दिलेले वचन मोजता येण्याजोगे आहे का? आणि ते पटवताना सांगणाऱ्याने स्वतः काही किंमत मोजली आहे का? यांतील शेवटची कसोटी एकटी कधी पुरेशी नसते. चुकीच्या विचारांसाठीही माणसे प्राण देतात. चारही एकत्र लावाव्यात. फैजपूरला त्या लावल्या तरी ते निर्दोष ठरत नाही. तिसऱ्या कसोटीवर ते काहीसे उणे पडते.

३०/
१९३७ साली न्यूयॉर्कमध्ये प्रचाराचे विश्लेषण करणारी एक संस्था स्थापन झाली. तिने प्रचाराच्या सात ठळक युक्त्यांची यादी करून शाळा-महाविद्यालयांत पोचवली: नावे ठेवणे, चकाकणारे मोघम शब्द वापरणे, थोरांच्या वलयाचा आधार घेणे, सगळे निघालेत तुम्हीही चला म्हणणे, इत्यादी. युक्ती ओळखली की तिचा अंमल ओसरेल, ही त्यामागची आशा. ती अंशतःच खरी ठरली. युक्ती ओळखणारा माणूसही आपल्या बाजूच्या प्रचाराला ‘सत्य’ आणि दुसऱ्या बाजूच्या सत्याला ‘प्रचार’ म्हणत राहतो.

३१/
म्हणूनच इतिहासाच्या अभ्यासकाने कसोटी लावायची ती आधी स्वतःला प्रिय असलेल्या मशालीला. फैजपूरचा अभिमान बाळगावा: एका आडगावाने देशाच्या सभेचे यजमानपद पेलले आणि राजकारणाला शेतकऱ्याच्या बांधापर्यंत आणले. त्याच वेळी सालदार कोठे होता, वेशीबाहेरची वस्ती कोठे होती, हेही विचारावे. हे दोन प्रश्न विचारल्याने तो अभिमान उणावत नाही. तो डोळस होतो.

३२/
फेब्रुवारी १९३८ मध्ये काँग्रेसचे पुढचे अधिवेशनही खेड्यातच, याच तापीच्या काठी खाली गुजरातेत हरिपुऱ्याला भरले. नंदलाल बोस यांनी त्यासाठी रंगविलेली भित्तिपत्रके आज कलेच्या इतिहासात अमर झाली आहेत. फैजपूरचा बांबू केव्हाच कुजून मातीत गेला. ओल्या दुष्काळात कलेक्टर कचेरीपुढे उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांना मात्र एक गोष्ट कळली होती: ज्याने आपले मन वळवले, त्याला जाब विचारण्याचा अधिकार आपल्याकडे उरतो. तो त्यांनी वापरला.

(समाप्त)